दुसऱ्यांच्या रक्तातलं इन्सुलिन

दिवाळी अंकासाठी साखरेवर लेख मागणारे संपादक धाडसीच म्हणायचे. वाचकाच्या पुढ्यात फराळाचं ताट, हातात अंक आणि अंकात मी, जन्मभर लोकांच्या रक्तातली साखर मोजलेली बाई. फोनवर ते म्हणाले, "बाई, जरा प्रेरणादायी लिहा. त्या काळात प्रयोगशाळेत बायका होत्याच कुठे!" म्हटलं, होत्या की, मी होते. पण प्रेरणेचं माझ्याकडून काही जमायचं नाही. मी नोकरीभर लोकांवर जळले. कुणाच्या साडीवर नाही, दागिन्यांवर नाही, नवऱ्यांवर तर मुळीच नाही. मी लोकांच्या रक्तावर जळले. एवढं चालणार असेल तर लिहिते. ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनोद करतेय.

आधी काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपण जेवलो की अन्नातली साखर रक्तात येते. ती रक्तातून स्नायूंमध्ये पोचवण्याचं काम इन्सुलिन करतं, आणि इन्सुलिन तयार होतं पोटातल्या स्वादुपिंडात. ते झालं नाही, किंवा झालं पण लागू पडलं नाही, की साखर रक्तातच साचते आणि लघवीवाटे वाहून जाते. माणूस चांगलं खाऊनपिऊन वाळत जातो. यातली साखर मोजणं तेव्हाही अवघड नव्हतं. उपाशीपोटी रक्त काढायचं, ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि मग थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा दंड पुढे करायला लावायचा. साखर चढून वेळेवर उतरली की म्हणायचं, आत इन्सुलिन सुटतंय. पण हा आपला अंदाज. शेजारच्या खोलीतून फोडणीचा वास आला म्हणून त्यांच्याकडे सगळे पोटभर जेवले असं म्हणण्यातला प्रकार.

खुद्द इन्सुलिन रक्तात किती आहे हे मोजायचं तर आमच्याकडे एकच साधन होतं, ते म्हणजे उंदीर. पांढरा, उपाशी ठेवलेला. त्याच्या छाती आणि पोटाच्या मधे एक पडदा असतो, श्वास घेताना हलतो तो. ओल्या पापडाइतका पातळ. तो अखंड काढायचा आणि मधोमध कापायचा. एक अर्ध ग्लुकोजच्या साध्या पाण्यात सोडायचं. दुसरं अर्ध रोग्याच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या पिवळसर पाण्यात, आणि त्यातही ग्लुकोज. दोन्ही बाटल्यांत प्राणवायू भरायचा आणि कोमट पाण्याच्या टाकीत त्या हलत्या ठेवायच्या. उंदीर मेलेला असतो, पण त्याचा पडदा बराच वेळ साखर खात राहतो. मग दोन्हीकडून किती साखर गायब झाली ते काढायचं. रोग्याच्या बाटलीतल्या तुकड्याने जितकी जास्त खाल्ली, तितकं त्या रक्तात इन्सुलिन.

वाचायला सोपं वाटतं ना? पडदा काढताना जरा ओढला गेला की तुकडा बाद. दोन अर्धं सारख्या वजनाची नसली की बाद. हात गरम असला की बाद. आमच्या प्रयोगशाळेत एमेस्सी झालेले लोक होते, त्यांचे पडदे फाटायचे. माझा फाटत नसे. हे मीच सांगणार, आता सांगायला दुसरं राहिलंय कोण!

प्रयोगशाळा परळला, एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला. आम्ही राहायचो गिरगावात, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. वडील गेलेले. घरात आई, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी कुसुम. संध्याकाळी ट्राममधून उतरून मी घरी आले की आई दारातच थांबवायची. "आधी मोरीत जा. कशालाही हात लावू नकोस." उंदरांचं काम आहे हे चाळीत कळल्यावर शेजारच्या काकूंनी गॅलरीतूनच विचारलं होतं, "काय गं सिंधू, गणपतीचं वाहन कापतेस म्हणे?" मी म्हटलं, "काकू, वाहन वेगळं, हे विलायती आहेत." त्यानंतर त्यांनी हळदीकुंकवाला बोलावलं, पण वाण आईच्या हातात दिलं.

आता कुसुम. सोळाव्या वर्षी ती अशी वाळायला लागली की आईला वाटलं क्षयच आहे. मधुमेह निघाला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ सुई. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, सुई दगडावर घासून धार लावायची, इन्सुलिनची कुपी माठाच्या कडेला ओल्या फडक्यात ठेवलेली असायची ती काढायची. त्याआधी स्पिरिटच्या दिव्यावर लघवी निळ्या औषधात उकळायची. निळी राहिली तर उत्तम, हिरवी झाली तर बरं, विटकरी झाली तर वाट लागली. सगळ्या मजल्याला वास जायचा. सुई मीच मारायची. पहिल्यापासून मीच. कुसुम मधूनमधून म्हणायची, "ताई, मला शिकव ना, मी घेईन." मी म्हणायची, "तुझे हात थरथरतात. गप बस." थरथरायचे की नाही हे खरं तर मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

आणि इथून माझं जळणं सुरू झालं. आमच्याकडे रक्त द्यायला कोण यायचे? जाडजूड लोक. पेढीवरचे शेटजी, पोलीस खात्यातले हवालदार, सुखवस्तू घरच्या आजीबाई. साखर वाढलेली, लघवी उकळली की विटकरी, आणि मी उंदराचा पडदा त्यांच्या रक्तात सोडला की तो बकाबका साखर खायचा. म्हणजे इन्सुलिन आहे! भरपूर आहे! नुसतं त्यांच्या देहाला ते पुरं पडत नाही. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा आमचे साहेब, म्हणजे प्रयोगशाळेचे डॉक्टर, आनंदाने टाळी वाजवून म्हणाले, "सिंधूताई, मधुमेह एक नाही, दोन आहेत! एकात इन्सुलिन असून कामाला येत नाही, आणि दुसऱ्यात नाहीच." त्यांना शोध लागल्याचा आनंद. मला मात्र अंगाची लाही लाही झाली. अहो, या लोकांकडे पडून आहे, आणि माझ्या फुलासारख्या बहिणीकडे टिपूस नाही! ज्याला गरज त्याला नाही, आणि ढेरपोट्यांच्या अंगात नुसतं लोळतंय. मी त्या शेटजींच्या दंडात सुई घालताना मनात म्हणायची, द्या हो जरासं काढून, तुम्हाला काय कमी पडणार आहे.

त्याच सुमारास साखरेवर नव्या गोळ्या आल्या. गोळी खायची, सुई बंद. पण अट अशी की स्वतःचं इन्सुलिन तयार करायची ताकद अंगात शिल्लक हवी. गोळी त्याला ढकलते, नसलेलं निर्माण करत नाही. म्हणून साहेबांना आमची चाचणी हवी होती. कोणाला गोळी द्यायची, कोणाला सुईवरच ठेवायचं, हे उंदराचा पडदा सांगणार.

या गोळ्यांमुळे आल्या राधाबाई. लालबागला त्यांची खानावळ होती, गिरणीतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांची. मूळच्या मालवणकडच्या. दारातून आत येताना जरा तिरक्या व्हायच्या, एवढा देह. आवाज असा की उंदीरसुद्धा पिंजऱ्यात दचकायचे. कंपाउंडर रोज सुई मारायला यायचा आणि बाई त्याला बघून मागच्या दाराने पळायच्या. पहिल्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं होतं, तर साखर आभाळाला भिडलेली. मी विचारलं, "बाई, खरं सांगा, काय खाल्लंत?"

"गो बाय, मी काय खावक नाय."

"चहा?"

"नाय."

"तोंडात काहीच घातलं नाही?"

"नुसता मीठ बघलंय. आमटीचा, भाजीचा, माशाच्या कढीचा. भात शिजलो काय ता बघूक नको?"

सकाळच्या पाळीच्या सगळ्या पंगतीचं मीठ बघितल्यावर बाईंचं पोट भरलेलंच असायचं! त्यांच्या मते चाखणं हे जेवणात धरत नाहीत. खानावळीतली कुठलीच बाई धरत नाही. तेव्हापासून मी खानावळवाल्या, आचारी, लग्नाच्या घरच्या बायका यांना नुसतं "खाल्लंत का" असं कधी विचारलं नाही. "आज मीठ कोणी बघितलं" असं विचारायची. पुढे साहेबही तसंच विचारायला लागले.

दुसऱ्या खेपेला मीठ सुनेने बघितलं आणि राधाबाईंचं रक्त मी उंदराच्या पडद्यावर लावलं. काय सांगू! तोपर्यंत आमच्याकडे आलेल्या कुणाच्याही रक्तात पडद्याने इतकी साखर खाल्ली नव्हती. साहेबांनी सुई बंद केली, गोळी सुरू केली, भात अर्धा केला. राधाबाईंनी सगळ्या प्रयोगशाळेला तांदळाच्या पिठाचे घावन आणून वाटले. मी खाल्ले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. बरं नव्हतंच.

दर आठवड्याला बाई साखर दाखवायला यायच्या, आणि एकदा माझा डबा विसरला म्हणून तो द्यायला कुसुम आली. बाकावर दोघी शेजारी बसल्या. मी आत पडदा कापत होते, बाहेर या दोघींचा हसण्याचा आवाज. माझ्याशी कुसुम अशी कधी हसली नव्हती. बाहेर आले तर राधाबाई तिला सांगत होत्या की लालबागच्या बायकांची तुकडी सीमेवरच्या सत्याग्रहाला जाणार आहे, आणि त्या स्वतः जाणार आहेत. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. परळ-लालबागच्या भिंती सगळ्या घोषणांनी भरलेल्या. कुसुम कॉलेज सोडून घरी बसली होती ती चाळीच्या गॅलरीत चळवळीचे फलक रंगवायची. मुंबई मिळणार असं सगळ्यांना वाटायला लागलं होतं, पण सीमेवरच्या मराठी गावांचं काय, म्हणून इथून तुकड्या जायच्या, पोलीस पकडायचे, काही दिवस कोंडायचे आणि सोडायचे.

घरी येऊन कुसुम म्हणाली, "मी जाणार."

आई म्हणाली, "तुरुंगात सुई कोण मारणार? जेलर?"

"राधाबाई पण मधुमेहीच आहेत. त्या चालल्यात ना!"

झालं. त्या बाईचं नाव ऐकलं आणि माझा ताबा सुटला. "त्यांची सुई सुटलीय. त्यांच्या रक्तात घागरभर इन्सुलिन आहे. तुझ्यात आहे का?"

कुसुम शांतपणे म्हणाली, "बघितलंस का कधी?"

खरंच, बघितलं नव्हतं. जगाचं रक्त तपासलं, बहिणीचं नाही. भीती वाटायची. पण आता एक आशाही वाटली. असलंच तर? थोडं, कोपऱ्यात कुठेतरी शिल्लक असलं तर? गोळीने ढकललं तर? म्हटलं, "ठीक आहे. तपासते. सुई सुटली तर जा सत्याग्रहाला. नाही सुटली तर पुन्हा नाव काढायचं नाही." कुसुम म्हणाली, "शब्द?" आईसमोर मी शब्द दिला.

साहेब म्हणाले, "सिंधूताई, अशा बारीक, लहान वयात आजार झालेल्यांमध्ये सापडत नाही." मी हट्टच धरला. शेवटी ते कबूल झाले. आदल्या संध्याकाळची सुई द्यायची नाही, सकाळचीही नाही, रक्त काढून झाल्यावरच द्यायची. म्हणजे रक्तात जे सापडेल ते तिचं स्वतःचं. सकाळी मी निघण्यापूर्वी लघवी उकळली. विटकरी. मी देवाला नमस्कार केला आणि उंदीर तयार करायला पुढे गेले. कुसुम मागून एकटी आली.

आली ती घामाघूम. मला वाटलं, भीती. राधाबाई त्या दिवशी आल्याच होत्या. मुद्दाम आल्या असणार. त्यांनी कुसुमला कुशीत घेतलं आणि मी रक्त काढून होते न होते तोच तिच्या तोंडात खडीसाखर कोंबली. मी ओरडले, "बाई, काय करताय!" त्या म्हणाल्या, "चेडवाचे हात बघ गो, बर्फासारखे." कुसुमने डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलेलं. मला तिचे हात बर्फासारखे असल्याचं कळलंच नव्हतं. मी शीर शोधत होते.

पडदा काढला. दोन अर्धं अशी सारखी आली की काटा हलला नाही. बाटल्या टाकीत ठेवल्या. तोवर रक्तातली साखर मोजली, तर चक्क कमी. सुईशिवाय कमी! ठरलेली सुई मग दिलीच नाही. माझे पाय जमिनीवर राहीनात. मग बाटल्या काढल्या, हिशेब केला. साहेबांना दाखवला. त्यांनी तो पुन्हा केला. चष्मा काढला. "सिंधूताई, अभिनंदन. उद्यापासून गोळी सुरू करू. मलाच शिकायला मिळालं." मी त्यांच्यासमोर घळाघळा रडले.

आणि मग, रडता रडताच, डोळ्यांसमोर राधाबाईंचा आकडा आला. तो मला पाठ होता. ज्याचा हेवा वाटतो त्याचं सगळं पाठ असतं माणसाला. कुसुमचा आकडा राधाबाईंपेक्षाही मोठा होता. मी जळकी नसते तर आनंदात घरी गेले असते. पण माझ्या डोक्यात एकच, की हे कसं? त्या डोंगराएवढ्या बाईपेक्षा माझ्या काडीएवढ्या बहिणीत जास्त? आणि असेल, तर सकाळी लघवी विटकरी का? साहेबांना म्हटलं, "गोळीचं उद्या बोलू," आणि सुट्टी टाकून ट्राम पकडली. माझ्या हेव्याने त्या दिवशी इस्पितळातल्या कुणाही पदवीवाल्याच्या आधी खोट पकडली, हे मी मान ताठ ठेवून सांगते.

कुसुम केव्हाच घरी पोचली होती, गॅलरीत फलक रंगवत होती. 'झालाच' लिहून झालं होतं, 'पाहिजे'चा पहिला काना ओढत होती.

"कुसुम, सकाळी सुई घेतलीस?"

ब्रश थांबला नाही. "घेतली."

"कोणी मारली?"

"मीच. तू गेल्यावर. आई देवळात गेली होती."

म्हणजे तो घाम भीतीचा नव्हताच, उपाशीपोटी सुई घेतल्याने साखर उतरली होती त्याचा होता. रक्तात इन्सुलिन सापडायला हवं ना, मग घालूनच आली होती बाई. उंदराच्या पडद्याला काय, कोणाचंही इन्सुलिन चालतं. स्वतःचं की कुपीतलं, त्याला थोडंच ओळखू येतंय.

"मरायला निघाली होतीस का गं? उद्या सुई बंद झाली असती. गोळ्या खाऊन तुझ्या अंगात काय उजाडणार होतं?"

"सुई बंद करणार कोण होतं?" ती म्हणाली. "गुपचूप घेतली असती. तुला वाटलं असतं गोळी लागू पडली. आईला वाटलं असतं देव पावला. आणि मी गेले असते."

"म्हणजे सुई सोडायची नव्हतीच?"

"सुईचं मला काही नाही, ताई. सुई सोबत नेता येते. तुला कशी नेऊ?"

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "हात थरथरला नाही?"

"नाही."

"दुखलं?"

आता तिने ब्रश खाली ठेवला. "नाही दुखलं. तुझ्या हाताने दुखतं. तू रागाने टोचतेस. माझ्यावर नसतो तो राग, मला कळतं. शेटजींवर असतो, राधाबाईंवर असतो, नशिबावर असतो. पण दंड माझा असतो ना गं!"

ज्या हाताने उंदराचा पडदा कधी फाटला नाही त्याबद्दल माझी सख्खी बहीण हे बोलत होती. मी मोरीत जाऊन नळ सोडला. आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "चाचणी चुकली नाही हो सिंधूताई. इन्सुलिन आहे का असं तिला विचारलं, ती हो म्हणाली. कुठून आलं हे आपण विचारलंच नव्हतं." ही उणीव कितीतरी वर्षं राहिली. माझी नोकरी संपत आली तेव्हा एक नवी तपासणी आली. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं तेव्हा त्यातून एक तुकडा सुटा होतो आणि तोही रक्तात उतरतो. कुपीतल्या इन्सुलिनमध्ये तो तुकडा नसतो. तेव्हा तो तुकडा मोजला की शरीराने स्वतः किती बनवलं ते कळतं, टोचलेलं बाजूला पडतं. आता तर यंत्रात नळी ठेवायची आणि चहा प्यायला जायचं. उंदीर नको, पडदा नको. या मुलींचाही मला हेवा वाटतो. पण त्यांना फसवायला कुसुमसारखी बहीण लागेल, ती कुठून आणतील?

कुसुमची चाचणी आम्ही पुन्हा केली, या वेळी रात्रभर तिला इस्पितळातच ठेवून. दोन्ही बाटल्यांतल्या तुकड्यांनी सारखीच साखर खाल्ली. साध्या पाण्यात आणि माझ्या बहिणीच्या रक्तात पडद्याला काही फरक जाणवला नाही. म्हणजे टिपूसही नाही. निकाल माझ्याच हातचा होता आणि त्यात चूक नव्हती.

"सुई सुटली नाही," मी घरी म्हटलं. "शब्द म्हणजे शब्द. आता नाव काढायचं नाही."

रविवारी राधाबाई आमच्या चाळीत आल्या. तीन जिने चढून आल्या त्या दारातच धापा टाकत बसल्या. आईने त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. बाई थेट आईलाच म्हणाल्या, "माय, ह्या चेडवाक मी घेवन जातंय. ता आपली सुई आपण घेता. मी बाजूक बसतलंय."

"तुम्ही?" मला राहवलं नाही. "तुम्ही तर सुई बघून पळता!"

"डोळे मिटून बसान. बसाक डोळे लागतत काय?"

आई हसली. वडील गेल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. मग तिने कुसुमकडे पाहिलं आणि म्हणाली, "सिंधू, जाऊ दे तिला." मी म्हटलं, "आई, तिला काही झालं तर?" आई म्हणाली, "इथे ठेवून काय होतंय ते बघतेच आहे मी रोज." शब्द मी दिला होता, पण घर आईचं होतं.

लालबागच्या नाक्यावरून तुकडी निघाली. बायकांच्या गळ्यात हार, कपाळाला गुलाल. कुसुमने सिरिंजचा डबा पदराखाली धरला होता, कुपीसाठी राधाबाईंनी एक छोटं मडकं ओल्या कापडात गुंडाळून घेतलं होतं. मी हजार सूचना दिल्या. घाम सुटला तर साखर, उलटी झाली तर डॉक्टर, जागा बदलत जा, सुई उकळल्याशिवाय घेऊ नकोस. तिने सगळ्याला हो म्हटलं. राधाबाई म्हणाल्या, "तू कित्याक भियातस? मी आसंय." त्यांना वाटलं, मी भ्यायलेय.

ती नव्हती ते दिवस मी कसे काढले ते विचारू नका. सकाळी उठले की हात आपोआप पातेल्याकडे जायचा. प्रयोगशाळेत एक पडदा फाटला. साहेबांनी दुसरा उंदीर दिला. मी राधाबाईंचा विचार करायची. आधी त्यांच्या रक्ताचा हेवा वाटला होता, तो याच्यासमोर काहीच नव्हता. आता माझी बहीण त्यांच्याशेजारी झोपत होती, त्यांच्या पंगतीला जेवत होती, आणि तिला काय होतंय ते आधी त्यांना कळत होतं.

सुटून आली ती उन्हाने काळवंडलेली, पण गालावर मांस चढलेलं. चाळ जमली. तिने सगळं रंगवून सांगितलं. कोठडीत ती सुई घ्यायची तेव्हा बायका भोवती पदरांचा आडोसा करायच्या, पहारेकरी घाबरून बाहेर जायचा, आणि राधाबाई डोळे घट्ट मिटून मोठ्याने मारुतीचं नाव घ्यायच्या. सगळे पोट धरून हसले. मीही हसले. तिने मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "ताई, तुझी खूप आठवण आली." खरं असेल. नसेल असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं पातेलं ठेवलं, सिरिंज उकळली, सुईला धार लावली, कुपीतून औषध भरलं. मी ठरवलं होतं, हलक्या हाताने मारायची. रात्रभर मी ते ठरवत होते. स्पिरिटचा बोळा घेऊन वळले तर कुसुम समोर उभी, आणि तिने हात पुढे केलेला. इतकी वर्षं ती दंड पुढे करायची. आज तिने तळवा पुढे केला.

"दे," ती म्हणाली.

मी सिरिंज तिच्या हातावर ठेवली. तिने माझ्याकडे पाठ फिरवली आणि सुई घेतली. मी बोळा धरून उभी होते, तो तिने मागितला नाही.